पेपरावर काढलेलं पाऊल

माझ्या दोस्ताच्या उजव्या हाताचं अंगठ्याजवळचं बोट वाकत नव्हतं. तरुणपणी फुटबॉल शिवताना आरी त्या बोटात आरपार गेली, तेव्हापासून ते काठीसारखं ताठ राहिलं. चहाचा कप धरला तरी ते बोट पुढं निघायचं. मी म्हणायचो, "नीट धर की कप. मला वाटतं मास्तर वर्गाच्या भायेर काढायलाय." तो हसायचा. चाळीस वर्षं मी ते बोट पाहिलं, त्याची चेष्टा केली, आणि त्या बोटामुळं त्याच्या हातात पेन्सिल कशी बसते ते एकदाही पाहिलं नाही.

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. घरात माहीत आहे, पण घरात कुणी विषय काढत नाही. मी तापट आहे हे सगळ्यांना ठाऊक.

मी मूळचा सिल्लोडकडचा. आमची मेंढरं होती. शाळा चौथीपर्यंत झाली, ती पण मेंढरं चारत चारत. बाहत्तरच्या दुष्काळात निम्मी मेंढरं मेली, राहिलेली बापानं कुणीतरी मागितली तशी देऊन टाकली, आणि आम्ही सगळे रस्त्याच्या कामावर खडी फोडायला गेलो. तिथून मी शहरात आलो तो परत गेलो नाही. चिकलठाण्याला तेव्हा कंपन्यांचे पाये खणत होते. आधी पाया खणला, मग त्याच कंपनीत आत शिरलो, आणि शेवटी स्टोअरमध्ये नटबोल्ट मापून देता देता रिटायर झालो. निरोपाच्या दिवशी साहेबांनी मला स्टोअरमधली एक फूट लांबीची स्टीलची पट्टी भेट दिली. लोकांना घड्याळं मिळतात. मला पट्टी मिळाली, आणि मला ती घड्याळापेक्षा मोठी वाटली. चौथी शिकलेल्या माणसाचं माप कंपनीत कधी चुकलं नाही, असा तिचा अर्थ मी लावला होता. शिवाय आम्ही मेंढकं. मातीतल्या खुरावरनं ही कुणाच्या कळपातली मेंढी, हे सांगणारी माणसं आम्ही. मापाच्या बाबतीत मला कुणी शिकवावं हे मला कधी खपलं नाही.

कंपनीची व्हॉलीबॉलची टीम होती, मी त्यात होतो. बॉल उसवला की शिवून आणायचं काम माझ्याकडं. तसा मी त्याच्या दुकानात पोचलो. जुन्या शहरात, वेशीच्या दरवाजाच्या आत, दोन कापड दुकानांच्या मध्ये बोळाएवढं ते दुकान. आत वरपर्यंत खेळाचंच सामान. जाळ्या, गोळे, शिट्ट्या, बॅटींचे दांडे, बूट. दुसरं काही म्हणून नाही. शेजारच्यांनी त्याला लई वेळा सांगितलं, "मियां, थोड्या शाळेच्या बॅगा ठेव, थोड्या छत्र्या ठेव." तो म्हणायचा, "छत्री बेचने को आधी बारीश तो आने दो."

पहिल्याच दिवशी बॉल शिवता शिवता त्यानं मला विचारलं, गाव कुठलं, घरात धंदा काय. मी मेंढरं म्हटलं. दुसऱ्यांदा गेलो तर म्हणाला, "आ गया मेंढ्या?" मला राग यायला पाहिजे होता. मी म्हणालो, "आलो की टाक्या. टाके घालून झाले का?" तेव्हापासून मी मेंढ्या आणि तो टाक्या. दोघांच्या लग्नात, दोघांच्या आईबापांच्या मातीला, हीच नावं.

दुकानाच्या तोंडाशी गिऱ्हाईकासाठी एक लोखंडी खुर्ची असायची. त्या खुर्चीवर मी कधी बसलो नाही. माझी जागा गल्ल्याच्या आत, त्याच्या मांडीला मांडी लागेल अशी, एका उलट्या लाकडी खोक्यावर. कुणी नवखं गिऱ्हाईक आलं तर मलाच मालक समजायचं. मी पण "बोला, काय पायजे?" म्हणायचो. तो खाली मान घालून हसत शिवत राहायचा.

बूट विकायची त्याची एक रीत होती. पोराला तो नंबर विचारायचाच नाही. "नंबर तो कंपनी का होता, पाँव अपना होता," असं म्हणायचा. सकाळी कुणी आलं तर परत पाठवायचा. दिवसभर चालून पाय फुगतो, म्हणून माप चार वाजल्यानंतर. मग जमिनीवर जुना पेपर पसरायचा, पोराला अनवाणी त्यावर उभं करायचा आणि गुडघे टेकून दोन्ही पावलांभोवती पेन्सिल फिरवायचा. पेपराच्या कोपऱ्यात शाळा आणि महिना लिहायचा, आरीनं भोक पाडून तो पेपर तारेत ओवायचा. छताला अशा चार-पाच तारा लोंबत होत्या. निम्म्या शहराची पावलं तिथं टांगलेली. मोठी झालेली पोरं आपल्या पोरांना घेऊन यायची आणि विचारायची, "चाचा, माझं पाऊल आहे का अजून?" तो शोधून दाखवायचा. पण तारेतून पेपर काढून त्यानं कधी कुणाला दिला नाही. एका लग्न झालेल्या पोरीनं आठवण म्हणून मागितला, तर म्हणाला, "बेटा, बघ पाहिजे तेवढा. पण ती दुकानाची चीज आहे."

माझी नात पळते. हे माझ्याकडून आलंय असं मी सगळ्यांना सांगत असे. मुलगा ट्रकवर, महिन्यातले चार दिवस घरी. त्यामुळं पोरीला मैदानावर नेणं-आणणं माझ्याकडं. त्या वर्षी पाऊस नव्हता. त्याच्या आदल्या वर्षीही नव्हता. नळाला आठ-आठ दिवसांनी पाणी. आमच्या भागात जिथं ज्वारी असायची तिथं बिल्डिंगा उठत होत्या. स्लॅबला पाणी मारायला टँकर यायचा, आणि आम्ही हंडे घेऊन दुसऱ्या टँकरची वाट बघत उभे असायचो. त्या नव्या प्लॉटांमधल्या रस्त्यांवर पोर पहाटे पळायची. रस्ते चांगले होते, घरं अजून व्हायची होती.

तिचं सगळं एका शर्यतीवर येऊन थांबलं होतं. जिल्ह्याची सहाशे मीटर. पहिल्या दोघी विभागाला जाणार, आणि विभागाला आलेल्या पोरींतून सरकारी क्रीडा वसतिगृहाची निवड व्हायची. तिथं शाळा, जेवण, शिकवणारे सर, सगळं एका जागी. वयाच्या गटात तिचं ते शेवटचं वर्ष. तिनं कॅलेंडरवर त्या दिवसाभोवती पेनानं गोल काढला होता. सराव साध्या बुटात चालला होता. सर म्हणाले, आता खिळ्यांचे बूट घ्या.

तर मी तिला घेऊन टाक्याकडं गेलो. चार वाजल्यानंतरच.

त्यानं पेपर पसरला. "उभी राहा बेटा. वजन दोनों पाँव पे. हिलना नक्को." पेन्सिल फिरवली. मग उठून कमरेवर हात ठेवून पावलाकडं बघत राहिला. म्हणाला, "मेंढ्या, पाँव तेरेच आहेत. पर अक्कल पोरीची आहे वाटतं, सरळ उभी राहते." नात हसली. मग तो म्हणाला, "हिच्या मापाचा जोड दुकानात नाही. मागवतो, आठ दिवसांत येतो. आन् मैदानाला या वर्षी पाणी मारणार नाहीत, दगड झालंय सगळं. मी बारके खिळे लावून देतो."

तेवढ्यात लोखंडी खुर्चीवर बसलेल्या एका माणसानं भाव विचारला. कडक इस्त्रीचा माणूस, पोराला रॅकेट घ्यायला आलेला. "या बुटांचे काय घेता?" टाक्यानं त्याला एक भाव सांगितला. मग माझ्याकडं हात करून म्हणाला, "इसको वो भाव नहीं. अपना आदमी है, गरीब आदमी है. याच्याकडून काय कमवायचं?"

त्या इस्त्रीवाल्या माणसानं माझ्याकडं पाहिलं. माझ्या चपलांकडं पाहिलं. आणि मान हलवली, छान आहे म्हणून.

टाक्याच्या मनात काही नव्हतं हे मला तेव्हाही कळत होतं. पण नातीसमोर, परक्या माणसासमोर, "गरीब आदमी". माझ्या कानशिलात आग झाली. मी कुणाचं फुकट खाल्लं नव्हतं. मी ठरवलं, हे बूट याच्याकडून घ्यायचे नाहीत. आणि खरं सांगायचं तर दुसरंही एक होतं. सुनेच्या मोबाईलवर तसलेच बूट मी आधी पाहिले होते, आणि ते टाक्याच्या गरीब-भावापेक्षाही स्वस्त होते. कुठलं कारण मोठं होतं ते आज नीट सांगता येत नाही. मानापमानाचं कारण सांगायला बरं वाटतं, म्हणून मी तेच आधी सांगितलं.

निघताना मी म्हणालो, "टाक्या, तो कागद दे जरा. हिच्या आईला दाखवतो, पाय केवढा झालाय."

तो थांबला. पेपर हातात, आरी दुसऱ्या हातात. मग त्यानं आरी खाली ठेवली आणि पेपराची घडी करून माझ्या खिशात घातली. "परत आण," एवढंच म्हणाला.

घरी मी जमिनीवर पेपर पसरला आणि कंपनीची पट्टी काढली. टाचेपासून अंगठ्यापर्यंत तीन-तीन वेळा मापलं. सून मोबाईल घेऊन समोर बसली होती. ती मला मामा म्हणते. म्हणाली, "मामा, तुमच्या दोस्ताकडूनच घ्या ना. त्यांनी माप घेतलंय, ते मागवायलेत."

"माप मी पण घेतलंय."

"तसं नाय मामा, बुटाचं..."

"तू नंबर दाब. तीस वर्षं मापंच केलीत मी."

तिनं दाबला.

बूट चार दिवसांत आले. लालभडक, पट्ट्याला चकाकी. नात उड्या मारत आली. घातले, अंगणात चार पावलं चालली आणि थांबली. "आबा, पाय आत फिरतोय."

मी दाबून पाहिलं. पुढं अंगठ्याएवढी जागा मोकळी होती. सून म्हणाली, "परत करता येतात मामा. उद्या येऊन घेऊन जातील."

परत करायचे म्हणजे माझी पट्टी चुकली. मी म्हणालो, "नवा बूट ढिलाच वाटतो. पुढं कापूस घाल." आणि गादीतला कापूस काढून मी स्वतःच्या हातानं बुटाच्या तोंडात कोंबला. पोरगी परत चालली. दुसऱ्या दिवशी सरावाहून आली तेव्हा टाचेला फोड होता. मी तिला म्हणालो, "आम्ही अनवाणी पळायचो काट्यांतून. तुम्हाला बूट पण टोचतात."

टाक्याच्या दुकानावरून जाणं मी बंद केलं. भाजीला वेशीच्या दुसऱ्या दरवाजानं जायला लागलो, लांब पडलं तरी. आठ दिवसांनी त्याचा फोन आला. मी उचलला नाही. दोन दिवसांनी परत आला. मी सुनेला म्हणालो, "वाजू दे. बँकेवाले असतील." तिनं स्क्रीनकडं पाहिलं. नाव तिथं दिसत होतं.

शर्यतीच्या दिवशी मैदान म्हणजे तवा. एरवी आदल्या संध्याकाळी टँकरनं पाणी मारून रोलर फिरवायचे. या वर्षी प्यायलाच नाही तर मैदानाला कोण देणार? मुरूम वर आला होता, खडे सुटले होते, पोरं पळाली की मागं धुळीची भिंत. एका बाजूला मांडव, दुसऱ्या बाजूला निलगिरीची झाडं. नातीची शर्यत अकराच्या पुढं होती. आम्ही दहालाच पोचलो.

आणि मांडवाशी मला टाक्या दिसला. मला हे आठवायला पाहिजे होतं. जिल्ह्याच्या स्पर्धेला तो दरवर्षी यायचा. एका गोळ्यांच्या जुन्या डब्यात खिळे आणि किल्ली घेऊन बसायचा, कुणाचा खिळा पडला तर लावून द्यायचा, कुणाची नाडी तुटली तर नाडी. आज डब्याच्या जोडीला त्याच्या खांद्याला कापडी पिशवी होती. तो टाचा उंचावून गर्दीत कुणाला तरी शोधत होता.

नात म्हणाली, "आबा, चाचा आलेत. ते बघा, हात करायलेत."

मी पाहिलं. तो हात करत होता. ताठ बोट उन्हात पुढं निघालेलं.

मी तिचा दंड धरला. "इकडं चल, झाडाकडं. तिकडं धूळ आहे."

"त्यांना भेटून येते ना. बूट ढिला होतोय, ते काहीतरी करतील."

"आता कुणाला भेटायचं नाय. मन दुसरीकडं जातं. चल."

ती आली. झाडामागं नेऊन मी तिला बसवलं आणि तिच्यासमोर अशा बेतानं उभा राहिलो की मांडवातून तिचे लाल बूट दिसू नयेत. तासभर आम्ही तिथं होतो. बूट बदलायला किती वेळ लागतो? पुढं हे गणित मी पुष्कळ वेळा केलं आहे.

सहाशे मीटर म्हणजे दीड फेरा. ती चांगली सुटली. पहिल्या वळणाला पाचवी, मांडवासमोर तिसरी, आणि शेवटच्या वळणाच्या आधी तिनं दुसरीला गाठलं. मी आरडत होतो. माझा आवाज सगळ्यांत मोठा होता. शेवटच्या वळणावर तिचा डावा पाय मुरमात बसला, बूट तिथंच राहिला आणि पाय बाहेर आला. ती हातांवर पडली. तिघी तिच्या बाजूनं गेल्या. ती उठली. मला वाटलं थांबेल. ती थांबली नाही. एक पाय लाल बुटात आणि एक उघडा, त्या सुटलेल्या खड्यांवरून ती पळत सुटली. तिनं एकीला गाठलं. चौथी आली.

मी कुठल्या तोंडानं तिच्याकडं जाणार? मी दोरीपाशीच उभा राहिलो. माझ्याआधी टाक्या गेला. वयाच्या मानानं तो भरभर चालत ट्रॅकवर उतरला, पंचांनी त्याला हटकलं, तरी गेला आणि पडलेला बूट उचलला. चालता चालता त्यानं सवयीनं हात आत घातला. मग तो थांबला. त्यानं आतून कापूस काढला. ओढत गेला, ओढत गेला, मूठभर निघाला. त्यानं कापसाकडं पाहिलं आणि मग मान वर करून गर्दीत मला शोधलं.

तो माझ्यापाशी आला. आजूबाजूला पोरांचे आईबाप, मास्तर, सगळे उभे. त्यानं बुटाची जीभ वळवून आतला नंबर वाचला.

"ये नंबर किसने बताया?"

"मी मापलं," मी म्हणालो.

"कशावर?"

मी त्याच्या हातातल्या कापसाकडं पाहिलं.

"मेरे कागज पे?"

मी मान हलवली.

तो रागावला असता तर मला बरं झालं असतं. भांडण मला येतं. त्यानं बूट काखेत धरला, खिशातली पेन्सिल काढली आणि माझ्यासमोर हवेत धरली. ताठ बोट पुढं, पेन्सिल आडवी, तिचं टोक बाहेरच्या बाजूला.

"मेंढ्या, मैं पेन्सिल आडी धरता रे. हे बोट वाकतं का माझं? रेघ पाँव के बाहर जाती. पुढून जाती, मागून जाती. वो मैं मन में काटता. चाळीस साल से काटता. कागदावर ते दिसत नाही कुणाला." आणि मग हळू म्हणाला, "म्हणून तर मी कागद कुणाला देत नाही."

त्यानं खांद्याची पिशवी खाली घेतली. तिच्यात बुटांचा जोड होता. काळा, साधा, खाली बारके खिळे लावलेला. "तू आला नाहीस. फोन उचलला नाहीस. मला वाटलं तब्येत बिघडली तुझी. म्हणून इथंच घेऊन आलो." एवढं बोलून तो थांबला, आणि त्याच्या चेहऱ्यावर मला दिसलं की त्याला आता कळतंय. "मी हात करत होतो. दहा वाजल्यापासून."

मी म्हणालो, "गर्दीत दिसला नाहीस."

तो माझ्याकडं बघत राहिला. मग पिशवी बंद करून नातीकडं गेला. ती मांडवाच्या कडेला बसली होती, तळव्यात खडे रुतलेले. तो खाली बसला, तिचा पाय मांडीवर घेतला आणि डब्यातल्या आरीच्या बोथट बाजूनं एक-एक खडा काढला. पिण्याच्या पाण्याची त्याच्याकडं एकच बाटली होती. ती त्यानं तिच्या पायावर रिकामी केली. त्या वर्षात तसं पाणी कुणी कुणावर ओतत नव्हतं. पोरगी इतका वेळ रडली नव्हती, तेव्हा रडली.

रिक्षात ती माझ्या शेजारी बसली होती, एका पायात तो लाल बूट, दुसरा पाय फडक्यात. चिकलठाण्याच्या पुलापाशी म्हणाली, "आबा, चाचा हात करत होते ते तुम्ही पाहिलं होतं ना?"

मी म्हणालो, "नाय."

ती बाहेर बघायला लागली. ती तेरा वर्षांची होती, आणि मी खोटं बोलतोय हे तिला माझ्या चेहऱ्याकडं न बघता कळलं. त्यानंतर तिनं मला ते पुन्हा कधी विचारलं नाही. वसतिगृहाचं नावही काढलं नाही. कॅलेंडरचं पान उलटायच्या दिवशी तिनं उलटलं, आणि तो पेनाचा गोल मागं गेला.

ते काळे बूट तिनं स्वतः जाऊन आणले. पोस्टाच्या खात्यातले, राखीचे, बापानं दिलेले, सगळे पैसे मोडून. मला सांगितलं नाही. आजही ती पळते, मोठ्या गटात, कधी तिसरी येते, कधी पाचवी. सर म्हणतात, दोन वर्षं आधी कुणाच्या हाताखाली गेली असती तर. सर वाक्य तिथंच सोडतात, कारण मी तिथं उभा असतो.

पेपर माझ्याकडंच होता. गादीखाली, ज्या गादीतला कापूस काढला तिच्याखाली. चार महिने मी तो देईन-देईन म्हणत होतो. लाल बूट भंगारवाल्यालाही दिले नाहीत, माळ्यावर टाकले. माझा हट्ट असा की माफी मागायला जायचं, तर दुसरं काही कारण घेऊनच. शेवटी एक दिवस मुलाला म्हणालो, मी जुन्या शहरात दवाखान्यात जाऊन येतो.

तिथं गेलो तर दुकान ओळखू आलं नाही. रस्ता रुंद करायचा म्हणून महापालिकेनं सगळ्या दुकानांची तोंडं कापली होती. कापड दुकानं पैसेवाली, त्यांनी वर मजला चढवून घेतला. त्याचं बोळाएवढं दुकान निम्मं उरलं होतं. गल्ला भिंतीला टेकलेला, आणि तारा छताऐवजी मागच्या भिंतीवरच्या खिळ्यांना लटकत होत्या. लोखंडी खुर्ची आता दुकानाबाहेर, रस्त्यावरच.

तो जाळी विणत होता. त्यानं मान वर केली. मी वाट बघत होतो, 'आ गया मेंढ्या' म्हणेल, निदान शिवी देईल. शिवी ऐकायची तयारी मी घरून करून आलो होतो.

तो उठून उभा राहिला. चाळीस वर्षांत मला बघून तो कधी उठला नव्हता. त्यानं फडक्यानं लोखंडी खुर्ची पुसली.

"आइये साब," म्हणाला. "बैठिये."

मी बसलो. बसायला नको होतं, पण पाय पुढं गेले नाहीत. आतलं माझं खोकं तिथंच होतं, त्याच्यावर त्यानं हवा भरलेले चेंडू रचून ठेवले होते. मी खिशातून पेपर काढला आणि दिला. घड्यांवर तो फाटायला आला होता. त्यानं तो गल्ल्यावर हातानं सपाट केला, कोपऱ्यातली शाळा आणि महिना वाचला, आरीनं भोक पाडलं आणि तारेत ओवला. त्याच तारेत त्याच्या खाली आणखी एक पाऊल होतं, त्याच शाळेचं, पुढच्या महिन्याचं, आधीच्यापेक्षा जरा मोठं. ती एकटी येऊन उभी राहिली असणार. मी लांबून त्या रेघेकडं पाहिलं. आता माहीत असल्यावर दिसतं. रेघ पायाला चिकटून जात नाही, थोडी बाहेरून जाते.

"टाक्या," मी म्हणालो.

"जी, बोलिये."

मी खोक्यावरच्या चेंडूंकडं पाहिलं. त्यानं चहा सांगितला. चहा आला तो गिऱ्हाईकाच्या कपात, बशीसकट. मी तो रस्त्याच्या कडेला बसून प्यालो, आणि मागून टँकर गेला तेव्हा पाय खुर्चीखाली घेतले.

अजून मी जातो. महिन्यातून एकदा तरी. तो उठतो, खुर्ची पुसतो, आइये साब म्हणतो. मला साब म्हणू नको, एवढं म्हणायचं असतं. दर वेळी चहा संपतो आणि मी उठतो.